नॉटविथस्टँडिंग म्हणजे नक्की काय? क्लॉज ४ खरा धरायचा की क्लॉज ९?

मधली ओळ:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय, आणि नुसती शब्दाची हौस म्हणून विचारत नाहीये त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माझा धाकटा भाऊ डिझाइनची फ्रीलान्स कामं करतो. त्याला एका कंपनीचं काँट्रॅक्ट आलं, बारा पानी, सगळं इंग्रजीत, आणि घरात असलं काही वाचायची सवय मलाच जास्त म्हणून त्याने माझ्याकडे पाठवलं. त्यात क्लॉज ४ असं म्हणतो की दोघांपैकी कुणालाही काम थांबवायचं असेल तर ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची. छान. मग क्लॉज ९ सुरू होतो तो असा, "नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन क्लॉज फोर, द क्लायंट मे टर्मिनेट धिस अ‍ॅग्रीमेंट विथ इमीजिएट इफेक्ट" आणि पुढे अजून चार ओळी आहेत.

मी शब्द फोडून वाचला. विथस्टँड म्हणजे टिकाव धरणे, नॉट म्हणजे नाही, म्हणजे क्लॉज ४ समोर हे क्लॉज ९ वालं टिकणार नाही, असा अर्थ लावला आणि भावाला सांगून टाकलं की तुझे ३० दिवस पक्के आहेत. त्याने त्या भरवशावर दुसरं एक छोटं काम सोडलंसुद्धा. आता ऑफिसमधला एक जण म्हणतोय की अर्थ बरोब्बर उलटा आहे. डिक्शनरीत बघितलं तर "इन स्पाइट ऑफ" एवढंच दिलंय, पण कोण कुणाच्या इन स्पाइट ऑफ हेच मला कळेना. काल रात्रभर डोक्यात तेच. कुणी नीट समजावून सांगेल का? सही अजून झालेली नाही.

तर्जुमा:
सही झालेली नाही हे फार बरं झालं. तुमच्या ऑफिसमधले बरोबर सांगताहेत. अर्थ असा आहे: "क्लॉज ४ मध्ये काहीही म्हटलेलं असलं तरी, क्लायंट हा करार तत्काळ संपवू शकतो." म्हणजे दोघांचं भांडण झालं तर क्लॉज ९ वरचढ.

एक सोपी युक्ती सांगतो. मराठीत आपला "तरी" नेहमी त्या गोष्टीच्या नंतर येतो, पाऊस असला तरी, दमलो असलो तरी. इंग्रजीत नॉटविथस्टँडिंग बहुतेक वेळा आधी येतो आणि तिथेच आपला गोंधळ होतो. वाचताना तो शब्द मनातल्या मनात उचला आणि त्याच्या पुढे जे नाव आहे त्याच्या मागे "असलं तरी" म्हणून ठेवा. ज्याला "असलं तरी" चिकटलं तो हरला. तुमच्या वाक्यात क्लॉज फोरला चिकटतंय.

मधली ओळ:
धन्यवाद, म्हणजे मी चुकीचंच सांगितलं त्याला. पण मला अजून एक कळत नाहीये, कुठे कुठे मी हा शब्द वाक्याच्या शेवटी पण बघितलाय, "द रेन नॉटविथस्टँडिंग" असं काहीतरी. तिथे मग कोण हरतं? आणि विथस्टँडचा अर्थ टिकणे असेल तर माझं फोडणं चुकलं कुठे?

जुनी वही:
तुमचं फोडणं चुकलं नाही, कर्ता चुकला. "टिकाव न धरणारा" कोण हे तुम्ही उलटं धरलंत. अडवून उभं राहू न शकणारा आहे तो क्लॉज ४, म्हणजे क्लॉज ४ वाटेत आडवा येत नाही, येऊ शकत नाही, आणि क्लॉज ९ पुढे निघून जातो.

हा शब्द मला फार आवडतो म्हणून थोडं लांबण लावते, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या उत्तराकडे जावं. यातला "विथ" हा आजच्या अर्थाचा "सोबत" नाही. जुन्या इंग्रजीत विथ म्हणजे "विरुद्ध, समोरून" असा अर्थ होता, आणि तो अर्थ आजही काही ठिकाणी उरलाय, "फाइट विथ समवन" म्हणतो तेव्हा आपण त्या माणसाच्या बाजूने लढत नसतो बहुतेक वेळा, त्याच्याशी लढत असतो. (मराठीतला "शी" पण बघा, मैत्रीही त्याच्याशी आणि भांडणही त्याच्याशीच.) तर विथस्टँड म्हणजे विरुद्ध उभं राहणं, आडवं उभं राहणं. आणि नॉटविथस्टँडिंग हा अख्खा शब्द लॅटिनमधल्या "नॉन ऑब्स्टान्ते" ह्या कायदेशीर शब्दप्रयोगावर बेतून चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत तयार झाला. ऑब म्हणजे समोर, स्टारे म्हणजे उभं राहणं, त्यातूनच "ऑब्स्टॅकल" आलाय, अडथळा. म्हणजे नॉटविथस्टँडिंगचा सरळ अर्थ "अडथळा न होता". स्टँड, स्टारे आणि आपला संस्कृत धातू स्था, तिन्ही एकाच मुळातले.

आता तुमचा शब्द शेवटी येण्याचा प्रश्न. मूळ रचना तीच आहे. "द रेन नॉटविथस्टँडिंग, द मॅच वेंट ऑन." पाऊस अडथळा म्हणून उभा न राहता मॅच चालू राहिली. पाऊस हा त्या छोट्या तुकड्याचा कर्ता आहे आणि नॉटविथस्टँडिंग त्याच्याबद्दल बोलतोय. लॅटिनमध्ये अशी स्वतंत्र लटकणारी रचना असते आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना सति सप्तमी आठवेल, "गोषु दुह्यमानासु गतः", गायींची धार काढली जात असताना तो गेला. तर शब्द आधी ठेवा की नंतर, हरतो तो पाऊसच. फक्त कायद्याच्या भाषेत तो आधी ठेवायची सवय आहे आणि लेखात, भाषणात शेवटी ठेवला की वाक्य जरा हलकं होतं.

पण खरी गंमत त्याच्या पुढच्याच सूत्रात आहे, आणि मला ती सापडली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला ऐकवली होती. पाणिनीने सति सप्तमीच्या सूत्राला लागूनच एक सूत्र दिलंय, "षष्ठी चानादरे". म्हणजे अनादर दाखवायचा असेल तर सप्तमीऐवजी षष्ठीही चालते. काशिका या पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण आहे "रुदतः प्राव्राजीत्", घरचे रडत असताना, त्यांच्या रडण्याकडे न बघता, तो संन्यास घेऊन निघून गेला. हेच तर नॉटविथस्टँडिंग! "असताना" आणि "असतानाही" यातला जो फरक आहे, समोर काहीतरी आहे, ते आपल्याला थांबवू पाहतंय, आणि आपण ते मोजत नाही, तो फरक सांगायला त्यांनी वेगळी विभक्ती वापरली. म्हणून मला मराठीत याचा सगळ्यात जवळचा शब्द "असूनही" पेक्षा "न जुमानता" वाटतो. क्लॉज ४ ला न जुमानता.

पानोपानी:
जुनी वही, "न जुमानता" फारच आवडला. पण कायद्याच्या कागदात तो लिहिता येणार नाही असं मला वाटतं कारण त्यात उद्धटपणाचा वास आहे. मी बरीच वर्षं कायद्याच्या मजकुराचं भाषांतर करतोय, आमच्याकडे ठरलेली वाक्यरचना म्हणजे "... मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी". ऐकायला कोरडी आहे पण चोख आहे.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी एक जोडी सांगून ठेवतो, कारण नॉटविथस्टँडिंग एकटा शिकून उपयोग नाही. त्याचा उलटा भाऊ आहे "सब्जेक्ट टू". "सब्जेक्ट टू क्लॉज फोर" म्हणजे "क्लॉज ४ च्या अधीन राहून", तिथे क्लॉज ४ वरचढ आणि तुम्ही वाचताय तो क्लॉज खाली. "नॉटविथस्टँडिंग क्लॉज फोर" म्हणजे वाचताय तो वर, क्लॉज ४ खाली. तुम्ही भावाला जे सांगितलंत तो अर्थ सब्जेक्ट टू चा होता. तिसरा एक आहे "विदाउट प्रेज्युडिस टू", "ला बाध न येता", तिथे दोघंही आपापल्या जागी शाबूत राहतात, कुणी कुणाला हरवत नाही. करार वाचताना ह्या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची, अर्धा करार तिथेच कळतो.

उदाहरण म्हणून भारताच्या संविधानाचा अनुच्छेद ३४३ बघा, कारण हा शब्द कसा थरावर थर चढवतो हे तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. खंड १ म्हणतो संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. खंड २ सुरूच होतो नॉटविथस्टँडिंगने, खंड १ मध्ये काहीही असलं तरी संविधान लागू झाल्यापासून १५ वर्षं इंग्रजीचा वापर पूर्वीसारखा चालू राहील. आणि खंड ३ पुन्हा नॉटविथस्टँडिंगने, ह्या अनुच्छेदात काहीही असलं तरी १५ वर्षांनंतरही इंग्रजी वापरायची तरतूद संसद कायद्याने करू शकेल. आता नीट बघा, खंड २ ने फक्त खंड १ ला मागे सारलं, पण खंड ३ ने "ह्या अनुच्छेदात" म्हटलंय म्हणजे १ आणि २ दोघांनाही. शब्द तोच, पण त्याच्यापुढे काय लिहिलंय त्यावर त्याची पोच ठरते.

आणि ते तिथेच थांबत नाही. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, म्हणजे मुदत संपणार १९६५ मध्ये. त्याआधी १९६३ चा राजभाषा अधिनियम आला आणि त्याचं कलम ३ सुरू होतं ते "नॉटविथस्टँडिंग द एक्स्पिरेशन ऑफ द पीरियड ऑफ फिफ्टीन इयर्स", पंधरा वर्षांची मुदत संपलेली असली तरी, हिंदीसोबत इंग्रजी वापरणं चालू राहू शकेल. इथे समोर दुसरं कलमच नाहीये, आहे ती नुसती एक घटना, मुदत संपणं. कलमाला हरवणं आणि परिस्थितीला न मोजणं, दोन्ही ह्या एका शब्दाला जमतं. म्हणून तो इतकी शतकं टिकला असं माझं मत.

तर्जुमा:
पोच वाला मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला जोडून सांगतो. "नॉटविथस्टँडिंग एनीथिंग टू द कॉन्ट्ररी" असं असेल तर फक्त विरोधी जातं तेवढंच बाजूला होतं, बाकी सगळं जागेवर. आणि नुसतं "एनीथिंग कंटेन्ड इन" असलं तरी साधारणपणे वाचतात ते असंच, जिथे टक्कर होते तिथेच हा शब्द काम करतो, टक्कर नसेल तिथे क्लॉज ४ जिवंत आहे. पुष्कळ लोकांना वाटतं नॉटविथस्टँडिंग म्हणजे समोरचा क्लॉज रद्द. रद्द नाही होत.

दुसरं, काही करारांत "नॉटविथस्टँडिंग एनी लॉ" असंही दणकून लिहिलेलं असतं. त्याला घाबरू नका. कायद्याने स्वतःच्या आधीच्या कायद्याबद्दल असं म्हणणं वेगळं, आणि दोन माणसांनी आपसात करार करून "कायदा काहीही म्हणो" म्हणणं वेगळं. जो कायदा पाळणं बंधनकारक आहे तो एका शब्दाने बाजूला होत नाही.

शेवटचा बाक:
मी विरोधी सूर लावतो. हा शब्द मुळात हवाच कशाला? इथेच बघा, एक शिकलेली व्यक्ती त्याचा अर्थ उलटा समजली आणि घरच्या माणसाने त्यावर काम सोडलं. "डिस्पाइट" म्हणा की, सात अक्षरी शब्द, शाळेतलं पोरगंही चुकत नाही. सामान्य माणूस सही करतो त्या कागदावर सामान्य माणसाला कळेल असंच लिहिलं पाहिजे, याबाबतीत मला दुसरं मत पटत नाही.

पानोपानी:
तुमच्या बाजूने पुरावा देतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचे आताचे कायदे उघडून बघा, तिथे "डिस्पाइट सबसेक्शन वन" असंच सरळ लिहितात. कायद्याचं काही अडलं नाही. आणि त्याच देशाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं कलम ३३ मात्र लोकांच्या तोंडी "नॉटविथस्टँडिंग क्लॉज" म्हणूनच बसलंय, कारण त्यात विधिमंडळाला असं म्हणता येतं की सनदेतल्या अमुक हक्कांच्या तरतुदी असल्या तरी आमचा हा कायदा चालेल, एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षं, मग कायद्याने पुन्हा तशी घोषणा करायची. म्हणजे तिथे हा शब्द रस्त्यावरच्या चर्चेत असतो, वकिलांपुरता नाही.

पण जुन्या काळी याची भीती का वाटायची तेही सांगतो. इंग्लंडचे राजे सनदा आणि परवाने देताना "नॉन ऑब्स्टान्ते" लिहून टाकायचे, अमुक कायदा असला तरी ह्या माणसाला मुभा. संसदेने केलेला कायदा दोन शब्दांत गुंडाळला जायचा. १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये हे थांबवलं, त्यात नॉन ऑब्स्टान्ते हा शब्द नावानिशी घेऊन म्हटलंय की अशी सूट चालणार नाही, ती निरर्थक समजली जाईल. संसदेनेच तशी सोय ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी लोक याच गोष्टीवर भांडले, "तरी" म्हणायचा अधिकार कुणाचा.

जुनी वही:
शेवटचा बाक, करारापुरतं तुमचं मान्य. पण शब्दच नको म्हणू नका. डिस्पाइटच्या पोटात तुच्छतेने खाली बघणं आहे, लॅटिनमधला मूळ अर्थ तोच, आणि "स्पाइट" म्हणजे खुन्नस हा शब्द त्याचंच तुटलेलं शेपूट. नॉटविथस्टँडिंगमध्ये तसा राग नाही. तो एवढंच म्हणतो की तू आहेस, मला दिसतोयस, पण तू मला अडवत नाहीस. मला हा फरक जपावासा वाटतो.

रोजच्या ईमेलमध्ये मात्र वापरू नका असंच मी सांगेन. "नॉटविथस्टँडिंग युअर मेसेज" असं कुणाला लिहिलंत तर तुमचा मेसेज मी मोजत नाही असा ताठा त्यातून पोचतो. तिथे "इव्हन सो", "स्टिल" पुरेसं आहे. आणि दोन चुका सगळीकडे दिसतात, "नॉटविथस्टँडिंग ऑफ" आणि "डिस्पाइट ऑफ". ऑफ फक्त "इन स्पाइट" ला लागतो, ह्या दोघांना नाही. पुढे पूर्ण वाक्य आणायचं असेल तर "नॉटविथस्टँडिंग दॅट" करून आणावं, आणि नुसता एकटा आला तर त्याचा अर्थ "तरीसुद्धा".

पानोपानी:
ताई, तुम्ही सुरुवातीला लिहिलंत की क्लॉज ९ च्या पुढे अजून चार ओळी आहेत. त्या ओळी काय आहेत? सगळा निकाल तिथे आहे. नॉटविथस्टँडिंग फक्त कोण वरचढ ते सांगतो, पण कधी वरचढ ते त्या पुढच्या ओळी सांगतात. आणि खाली अजून कुठे हा शब्द आहे का तेही बघा, कारण वर गेलेल्या क्लॉजच्याही वर कुणीतरी बसलेलं असू शकतं.

मधली ओळ:
आत्ता शांतपणे पुन्हा वाचलं, ह्यावेळी पेन्सिल घेऊन. त्या चार ओळी अशा आहेत की डिझायनरने क्लायंटची गोपनीय माहिती बाहेर दिली किंवा तेच काम दुसऱ्या कुणाला विकलं तरच, "इन द इव्हेंट दॅट" करून दोनच कारणं दिलीयेत. म्हणजे वाटेल तेव्हा काढून टाकता येईल असं नाहीये, बाकी सगळ्या वेळी क्लॉज ४ चे ३० दिवस आहेतच. काल रात्री मला वाटलं होतं की सगळंच गेलं.

आणि पानोपानी, तुम्ही म्हणालात तसा अजून एक निघाला! क्लॉज ११, "नॉटविथस्टँडिंग क्लॉज नाईन", करार कुठल्याही कारणाने संपला तरी त्या तारखेपर्यंत पूर्ण झालेल्या कामाचे पैसे क्लायंटने द्यायचे. तुमच्या त्या अनुच्छेद ३४३ सारखंच झालं की, चारच्या डोक्यावर नऊ, नऊच्या डोक्यावर अकरा. पहिल्यांदा वाचताना हा क्लॉज माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता, पण तेव्हा मी उलटं वाचत होते त्यामुळे मला वाटलं की नऊ लागू झाला तर पैसे बुडाले, म्हणून मी त्याला तो सांगितलाच नव्हता.

एकच शंका राहिली, "पूर्ण झालेलं काम" म्हणजे अर्धवट डिझाइन धरायचं की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही, ते कंपनीला लेखी विचारायला सांगितलंय आणि उत्तर आल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय. भावाला फोन करून मी आधी चुकीचं सांगितलं होतं हे पण सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताई, केलेल्या कामाचे पैसे मिळणार ना?" म्हटलं हो, ते क्लॉज नऊला न जुमानता मिळणार.